सहारची सकाळपाळी

पहाटे २:४५

गजर लावलेला असतो, पण उठवतात सासूबाईच. मरोळच्या एका खोलीच्या घरात गजर वाजू दिला तर सहा वर्षांची मुलगीही उठून बसते, म्हणून त्या दोन मिनिटं आधीच सुनेचा खांदा हलवतात. माण तालुक्यातलं घर, शेरडं, शेजारपाजार सोडून त्या इथे आल्या त्या सुनेच्या पाळ्या सांभाळायलाच. सून सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात कॉन्स्टेबल आहे; सहारला, मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर, देशांतर्गत प्रवाशांच्या तपासणीला. तिला इथे नाव देत नाही. तशा पुष्कळजणी आहेत, त्यांतली एक समजा.

अर्धा कप चहा. पाणी दोन घोट, जास्त नाही. एकदा जागेवर उभं राहिलं की रिलीव्हर आल्याशिवाय हलता येत नाही, आणि गर्दीच्या वेळी रिलीव्हरचा भरवसा नसतो. डॉक्टरने मूतखड्याची भीती घातल्यापासून तिने पाण्याचा हात थोडा सैल सोडलाय, पण सकाळी नाही.

४:१५

पाळी पाचची, फॉल-इन सव्वाचारचा. ओळीत हरियाणा, बिहार, मणिपूर, केरळ. बोलणं सगळं हिंदीत. तिची पहिली नेमणूक एका औष्णिक वीज केंद्राच्या फाटकावर होती. तिथे रात्रभरात तीस ट्रक यायचे, इथे तीस माणसं दोन मिनिटांत समोर उभी राहतात.

हे दल मुळात कारखान्यांच्या राखणीसाठी १९६९ साली उभं राहिलं. विमानतळ तेव्हा राज्य पोलिसांकडे होते. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ कंदाहारला नेलं गेलं आणि सगळं बदललं. ३ फेब्रुवारी २००० ला जयपूरचा विमानतळ सीआयएसएफच्या ताब्यात आला, मग एकेक करून बाकीचे. म्हणजे आज आपण ट्रेमध्ये पट्टा काढून ठेवतो त्यामागे कंदाहारचे ते आठ दिवस आहेत. रांगेतल्या कितीतरी प्रवाशांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

इन्स्पेक्टर आजच्या सूचना वाचतो. लग्नसराई आहे, दागिन्यांच्या बॅगा पुन्हा पुन्हा उघडायला लावू नका. पॉवर बँक हातातल्या सामानातच. आणि शेवटी नेहमीचं: प्रवाशांशी सौजन्याने. या सौजन्यालाही इतिहास आहे. २०१८ मध्ये दलाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं होतं की प्रवाशांशी जास्तच गोड वागलं की सुरक्षा ढिली पडते, तेव्हा रुंद हसणं पुरे, पुरेसं हसणं ठेवा. पुरेसं म्हणजे नेमकं किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिचं ठरलेलं आहे: ओठ मिटलेले, नजर समोरच्याच्या नजरेत, आणि "नमस्ते मॅडम".

५:००

पहिला नंबर एक्स-बिसवर, म्हणजे हातातल्या सामानाच्या एक्स-रे यंत्रावर. इथे कुणालाही बसवत नाहीत. नागरी विमान सुरक्षा ब्युरोची स्क्रीनरची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती एकदाच देऊन भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते.

पडद्यावर सगळं जग तीन रंगांत येतं. सेंद्रिय ते नारिंगी: कपडे, पुस्तकं, अन्न, साबण. जड धातू निळा. मधलं काही असेल तर हिरवं. किरण आरपार गेलेच नाहीत तर काळं. गोम अशी की स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणून तीही नारिंगी दिसतात. बेसनाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा दिवाळीत पडद्यावर आला की ताजी भरती झालेली मुलं दचकतात. तिला आता लाडू कळतो. गोल कडा, एकावर एक दाबून बसलेले, खालच्या थराचे थोडे फुटलेले. चिवडा तर लगेच कळतो. वड्यांच्या बाबतीत मात्र अजूनही ती बॅग मागे घेऊन दुसऱ्या कोनातून बघते.

मधूनच यंत्र स्वतः फसवतं. चालत्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र मिसळून सोडतं, स्क्रीनर जागा आहे की नाही बघायला. बटण दाबलं की पडदा सांगतो, शाब्बास, हे खोटं होतं. नाही दाबलं तर नोंद होते, आणि महिन्याच्या शेवटी ती नोंद कुणीतरी मोठ्याने वाचतं. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते पट्ट्यामागे बसलेली, चेहऱ्यावर काही नसलेली एक बाई, जिने उगाच पट्टा थांबवला आहे.

५:२० ला ती उठते. जगभर हा दंडक पाळतात: सलग वीसेक मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका माणसाने पडदा बघायचा नाही, कारण त्यानंतर डोळे उघडे असतात पण बघत नाहीत. चांगला नियम आहे, माणसाच्या मर्यादा मान्य करून केलेला. मला एवढंच दिसतं की या सगळ्या व्यवस्थेत मिनिटं मोजून जपलेला अवयव तो एकच. टाचा, कंबर, खांदे, कान, मूत्राशय यांची मिनिटं नियमाला मोजावीशी वाटली नाहीत.

५:२५ ते ८:४०

बायकांचं बूथ. सकाळची सगळ्यात वाईट वेळ आणि सगळ्यात लांब रांग.

पुरुषांची झडती उघड्यावर होते. बायकांची पडद्याआड, आणि फक्त बाईनेच घ्यायची. बरोबरच आहे. पण त्याचा हिशेब असा होतो: दलात बायका आधीच थोड्या, साताआठ टक्क्यांच्या घरात. बायकांच्या रांगेला बूथ एक किंवा दोन. म्हणून त्यांची रांग कायम पुरुषांच्या रांगेपेक्षा सावकाश सरकते, आणि नवरे पलीकडे ट्रेजवळ उभे राहून घड्याळ दाखवतात. संपूर्ण महिलांची पहिली बटालियन उभी करायला २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. बूथमधल्या बाईला ती बातमी तिच्या भावाने व्हॉट्सॲपवर पाठवली होती.

आत वीतभर उंचीचा ओटा. बाई वर, ही खाली. "हात पसरा. मागे वळा." हातातलं डिटेक्टर खांद्यापासून सुरू होतं, काखेतून, कमरेवरून, पायांपर्यंत, म्हणजे प्रत्येक बाईमागे एकदा वाकणं आणि एकदा उठणं. पाऊण मिनिटात एक बाई, मध्ये श्वास घेण्यापुरती जागा. पडद्यामुळे हवा खेळत नाही. टर्मिनलच्या एसीत बाहेर लोक जॅकेट घालून बसलेले असतात आणि आत तिच्या कपाळावर घाम.

काय वाजतं आणि काय नाही हे तिचे हात आधीच जाणतात. नव्या नवरीचा हिरवा चुडा काचेचा, तो गप्प राहतो. त्याच्या पुढेमागे घातलेल्या पाटल्या वाजतात. मंगळसूत्र वाजतंच, ते काढायला ती कधी सांगत नाही, नुसतं बोटाने उचलून बघते. नऊवारीतल्या आजी म्हणजे सेफ्टी पिनांचा कारखाना. डिटेक्टर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत वाजतच राहतं. "कोण गं तू? कुठली?" असं त्या विचारतात. माणची म्हटलं की म्हणतात, "दुष्काळी भाग. बरं झालं नोकरी धरलीस." बूथमधलं एवढंच मराठी, तेही मागच्या बाईने खाकरेपर्यंत.

एका गरोदर बाईने पोटावर दोन्ही हात धरले. यंत्र नको, बाळाला लागेल. तसं काही होत नाही हे समजवायला वेळ लागतो, आणि वेळ नसतो. ती यंत्र बाजूला ठेवते आणि हाताने तपासते. तशी सोय नियमातच आहे. हातमोज्यांतून दर पाऊण मिनिटाला दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा, त्याला तो अपमान वाटू द्यायचा नाही आणि तरीही काही सोडायचं नाही. हे कौशल्याचं काम आहे असं प्रवाशांना वाटत नाही, आणि पगारपत्रकालाही वाटत नसावं.

मग शिक्का. बोर्डिंग पास कागदी असेल तर गोल शिक्का मारून द्यायचा. बॅगांच्या टॅगवरचा शिक्का २०१७ मध्ये मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवरून गेला, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तिच्या अंगठ्यावर जांभळी शाई अजून असते.

साडेसातला पुरुषांच्या रांगेतून आवाज चढला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन. "ओळखलं नाही का मला?" तिच्या सहकाऱ्याने ओळखलं नव्हतं. तपासणीतून सूट असलेल्यांची सरकारी यादी आहे: राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि आणखी काही. एके काळी ती विमानतळांवर फळ्यावर लावलेली असायची आणि लोक ती आवडीने वाचायचे. ज्यांचं नाव त्यात नाही, पण असायला हवं होतं असं ज्यांना मनापासून वाटतं, अशी माणसं रोज दोन-तीन भेटतात. याउलट माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम. ते यादीत होते, तरी २००९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीला एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी त्यांची झडती घेतली. ते काही न बोलता उभे राहिले. गवगवा नंतर संसदेत झाला आणि कंपनीने माफी मागितली. पांढऱ्या शर्टाला हे कुणी ऐकवलं नाही. त्याने शेवटी हात पसरले, पण तोंड चालूच होतं.

९:००

नाश्ता. कँटीनमधली पुरी-भाजी, पंधरा मिनिटं, त्यातली पाच स्वच्छतागृहाच्या रांगेत.

पगाराचं सांगायचं तर कॉन्स्टेबलचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. नोकरी पक्की आहे आणि महिन्याचा पगार चुकत नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकारी कामकाज ठप्प होतं, तेव्हा तिथले विमानतळांवरचे तपासनीस बिनपगारी कामावर येत होते. त्यांतले बरेच आजारपणाच्या रजेवर गेले आणि रांगा लांबल्या. इकडे तसं घडणार नाही, पण इकडे असं आजारी पडताही येत नाही. १९७९ च्या जूनमध्ये बोकारोला सीआयएसएफच्या जवानांनी पगार आणि वागणुकीसाठी आंदोलन केलं होतं. लष्कर घातलं गेलं, गोळीबार झाला, माणसं मेली. १९८३ मध्ये कायदा बदलून हे दल केंद्राचं सशस्त्र दल ठरवण्यात आलं. संघटना नाही, संप नाही. तक्रार असेल तर दरबारात उभं राहून साहेबांसमोर मांडायची. ती एकदा मांडून बसली आहे, बूथमध्ये छोटा पंखा हवा म्हणून.

आणि या सगळ्याचा खर्च कोण करतं? रांगेत चिडलेला प्रवासीच. देशांतर्गत तिकिटात सुरक्षा शुल्क म्हणून २०२१ च्या एप्रिलपासून २०० रुपये घेतले जातात. तिकिटाचा तपशील कुणी उघडून बघत नाही म्हणून हे कुणाला ठाऊक नसतं. ठाऊक झालं तर "आमच्या पैशावर" हेही ऐकावं लागेल, असं ती म्हणते.

९:२० ते ११:३०

पुन्हा पडदा, मग बाजूचं टेबल. थांबवलेल्या बॅगा इथे उघडतात. नोकरीतली सगळ्यात मानवी जागा ही, आणि सगळ्यात जास्त शिव्याही इथेच.

पडद्यावर एका पिशवीत निळी चोच दिसली. दोन पाती, मधे खीळ, खाली दोन दांड्या. मणिपूरच्या मुलीने पट्टा थांबवून हिच्याकडे बघितलं. हिने बघताक्षणी ओळखलं: अडकित्ता.

पिशवी ज्यांची होती ते आजोबा ऐंशीच्या पुढचे, धोतर, काळी टोपी, नागपूरला लेकीकडे निघालेले. पानाचा डबा काढला. पितळी, आत चुन्याची डबी, कातरलेली सुपारी, लवंगा, आणि वरच्या कप्प्यात तो अडकित्ता, दांड्यांवर मोरांची नक्षी, पातं रोज परजलेलं.

"आजोबा, हे विमानात नाही नेता येणार."

"का? सुपारी कातरतो मी याने."

"धार आहे ना."

"असणारच. अडकित्त्याला धार नको होय?"

याला उत्तर नाही. आजोबांनी या अडकित्त्याने विमान पळवलं नसतं हे तिलाही कळतं आणि नियम करणाऱ्यालाही कळत असावं. पण माणूस बघून नियम वाकवायचा अधिकार तिला दिलेला नाही, आणि विचार केला तर तो नसलेलाच बरा. एकदा का आजोबांचा चेहरा बघून सोडलं की उद्या पांढऱ्या शर्टाचा चेहरा बघूनही सोडावं लागेल. तिला हातात उरतात तीन वाटा: बाहेर कुणी पोचवायला आलेलं असेल तर त्याच्याकडे द्या, परत काउंटरवर जाऊन तो चेक-इन सामानात घाला, नाहीतर इथेच सोडा. नंतर येऊन घेऊन जा, असं म्हणता येत नाही. आणि सोडलेल्या वस्तूंतली काडीही दलातल्या माणसाला उचलता येत नाही.

विमानाला अजून वेळ होता. तिने विमान कंपनीच्या पोराला हाक मारली, त्याने नाखुशीने आजोबांना हाताला धरून परत नेलं. पाऊण तासाने आजोबा पुन्हा तिच्याच टेबलासमोरून गेले. डबा उघडून दाखवला, वरचा कप्पा रिकामा. चेहऱ्यावर राग होता. आभार वगैरे काही मानले नाहीत.

टेबलावर बाकी नेहमीचं. काडेपेट्या, लायटर. ओटीतला नारळ. नारळ केबिनमध्ये चालत नाही, पेट घेतो म्हणून. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने जानेवारीपर्यंत सूट दिली होती, तेव्हापासून कोल्हापूर, तुळजापूरचे भाविकही विचारतात, मग आमच्या अंबाबाईचं काय? हा प्रश्न तिने इन्स्पेक्टरला विचारला. इन्स्पेक्टरने तो वर विचारला नाही. पाण्याच्या बाटलीवरून वेगळाच घोळ. शंभर मिलिलिटरची अट २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाल्यावर जगभर आली, आणि ती आंतरराष्ट्रीय प्रवासाला आहे. त्यामुळे दुबईहून येऊन पुढे इंदूरला जाणारा माणूस इथे स्वतःहून बाटली कचऱ्यात टाकतो, आणि त्याच्यामागचा तीच बाटली घेऊन खुशाल आत जातो.

११:३०

जयपूर फूट लावलेल्या एक बाई. पन्नाशीच्या, शिक्षिका वाटल्या. दारातून जाताना वाजलं, आणि त्यांनी आपणहोऊन विचारलं, "काढावा लागेल का?"

२०२१ च्या ऑक्टोबरात अभिनेत्री-नर्तिका सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून हेच विचारलं होतं, दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावता, हे योग्य आहे का? सीआयएसएफने जाहीर माफी मागितली. त्यानंतर सूचना आल्या, संवेदनशीलतेचे वर्ग झाले. पण माफी मागणारे दिल्लीत, आणि पाय तपासणारी बूथमध्ये. आतून पोकळ असलेली कुठलीही वस्तू बघायचीच हे तिला शिकवलेलं आहे. तिने बाईंना खुर्ची दिली, पडदा नीट ओढला, स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्राची पट्टी पायावर फिरवली आणि ती यंत्रात घातली. काही नाही. पाय काढावा लागला नाही. दहा मिनिटं गेली, रांग थांबली, आणि बाहेरून एक आवाज आला, "आत काय झोपल्या का?"

१२:१५

खालच्या मजल्यावरून निरोप: चेक-इन सामानातली एक बॅग अडकली, प्रवासी आत येऊन गेला आहे, त्याला परत पाठवा.

चेक-इन सामान तपासणारे सीआयएसएफचे नसतात. विमानतळ कंपनीची किंवा विमान कंपनीची मुलं-मुली असतात, उल्हासनगर, कल्याण, विरारहून येणारी, परीक्षा त्यांनाही तीच. नापास झालं तर हिला दुसऱ्या जागी उभं करतील, त्यांची मात्र नोकरीच धोक्यात. २०२२ मध्ये सरकारने विमानतळांवरची सीआयएसएफची तीन हजारांवर पदं रद्द करून रांगा लावण्यासारखी कामं खासगी रक्षकांकडे दिली, तेव्हापासून अशी मुलं टर्मिनलभर वाढली आहेत. सामानाची ही तपासणी आली ती २३ जून १९८५ नंतर. एअर इंडियाच्या कनिष्क विमानात बॉम्ब असलेली बॅग चढली आणि बॅगेचा मालक चढला नाही. ३२९ माणसं गेली.

अडकलेल्या बॅगेत पॉवर बँक. लिथियम बॅटरीने विमानाच्या पोटात पेट घेतला तर विझवायला कुणी नसतं. केबिनमध्ये निदान दिसतं तरी. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानला धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या विमानाने असाच पेट घेतला. पॉवर बँकेवरच संशय गेला, आणि सगळे वाचले ते विमान अजून जमिनीवर होतं म्हणून. प्रवासी परत येताना तिच्याजवळ थांबून म्हणाला, "इकडे म्हणता बॅगेत ठेवू नका, तिकडे म्हणता हातात ठेवू नका." असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तिने पुरेसं हसून दाखवलं.

१:००

पाळी बदलते. सव्वापर्यंत नवी माणसं जागेवर, दीडला डिब्रीफिंग. आज बॉम्बची अफवा नव्हती. २०२४ च्या ऑक्टोबरात रोज असायची. विमान कंपन्यांना त्या महिन्यात शेकडो धमक्या आल्या, सगळ्या खोट्या, आणि तरी प्रत्येकीची शहानिशा करावी लागत होती. त्या महिन्यात तिची एकही सुट्टी मंजूर झाली नाही. खरी बॅग सापडली ती २० जानेवारी २०२० ला मंगळुरूला, टर्मिनलबाहेर बेवारस ठेवलेली. सीआयएसएफच्याच माणसाला ती खटकली. आत स्फोटकं निघाली, मोकळ्या मैदानात नेऊन निकामी केली. त्याचा फोटो बॅरेकच्या भिंतीवर आहे. नवीन आलेल्यांना तो दाखवतात.

खोट्या चित्रांत आज तिचं एक सुटलं. ११ नंतरच्या फेरीत. इन्स्पेक्टर काही बोलला नाही, नोंदवहीत लिहिलं.

२:४०

मरोळ. सासूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी ठेवली आहे. मुलगी शाळेतून आली की अभ्यासाला बसेल, त्याआधी झोपायचं तर आत्ताच, पण फोन वाजतो. गावाकडचा चुलतदीर, पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा दुबईला निघालाय, तिथल्या मराठी पोरांसाठी सामान नेतोय.

"वहिनी, लोणच्याचं काय करू?"

"चेक-इनमध्ये टाका, भाऊजी. बरणी नको, फुटते. पॅक करून घ्या. हातात नेलं तर काढून ठेवतील."

"आणि सुकं खोबरं? आईने दोन किलो दिलंय."

"ते दोन्हीकडे नाही. हातात नाही, सामानात नाही."

"खोबरं? अहो, खोबऱ्याने काय होतं?"

"तेल असतं त्यात. पेटतं."

"तुमची ओळख आहे की तिथं. सांगून ठेवा कुणाला तरी."

"मी देशांतर्गतला आहे. तुम्ही पलीकडच्या बाजूने जाणार." तिने एवढंच सांगितलं. हे कारण घरच्यांना पटतं, दुसरं पटत नाही. मग पॉवर बँकेचं सांगितलं, लायटरचं सांगितलं, बेल्टला मोठं बक्कल लावू नका म्हणून सांगितलं. तो लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "मग आईला सांगतो, खोबरं किसून चटणी कर."

"चटणी चालेल," ती म्हणाली. "पण चेक-इनमध्ये."